पाहुणे झाड आणि माझा पाय

मी एक जुना पुतळा आहे. मित्रांनो, चौकात उभा राहून हार घालून घेणारा नव्हे, शिवणकामाचा. खांद्यापासून कमरेपर्यंत कापूस भरलेले अंग, खाली लोखंडी नळी आणि नळीला घट्ट पकडून ठेवणारा जड, पसरट पाय. डोके मला कधीच नव्हते. ज्याला डोके नाही त्याला मत्सर कसला, असे तुम्ही म्हणाल. पण मत्सर डोक्यात राहत नाही, तो छातीत राहतो; आणि छाती मला भरपूर आहे.

मला एका शिवणाऱ्या मावशीने घडवले. जुन्या उशांचा कापूस ठासून भरला, वर जाड कापड ताणून बसवले. ती शिवता शिवता गाऊन उपदेश करी आणि मशीन तिला ताल देई. "सहा शत्रूंत मत्सर सगळ्यांत धाकटा," असे ती आळवून सांगे, "पण लाडावला की घर डोक्यावर घेतो." मी ऐकत असे. ऐकलेले अंगी लागायला मात्र वेळ लागतो.

तिची भाची माझ्यावरच शिवण शिकली. तिचा पहिला वाकडा गळा, पहिली उसवलेली बाही मी निमूटपणे अंगावर वागवली. टाचण्या टोचल्या, पण ब्र काढला नाही. पुढे तिने स्वतःच्या लग्नाचा झगा माझ्यावर बेतला. तिच्या नवऱ्याने तो पाहण्याआधी मी तो घातला होता, हे मी उगाच सांगत नाही.

लग्नानंतर मावशीने मला भाचीसोबत पाठवून दिले. नवरा बेकरीत पाव भाजणारा. दोघांची एकच खोली. एका अंगाला ओटा, दुसऱ्या अंगाला पलंग. खिडकीजवळचा कोपरा मला मिळाला. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबत, माझ्या अंगावरचा कपडा निरखत आणि आत येऊन "अस्साच हवा" म्हणत. नाताळ जवळ आला की माझा थाट काय वर्णावा! सकाळी निळा, दुपारी लाल. माझ्याइतका सजलेला त्या गल्लीत कोणी नव्हता.

आणि त्याच दिवसांत दोघांनी ठरवले, आपला पहिला नाताळ, तर खरेखुरे झाड आणायचे. ठेवायचे कुठे? दोघांची नजर माझ्या कोपऱ्याकडे वळली. नवरा म्हणाला, कापडवाले काका कधीचे पुतळा मागताहेत, देऊन टाकू. ती गप्प राहिली. मित्रांनो, तिचे ते गप्प राहणे मला सगळ्या टाचण्यांहून जास्त टोचले. काका दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्यायला येणार, असे ठरले.

संध्याकाळी झाड आले. त्याला दारातून आत घेताना दोघे इतके हसत होते, की माझ्या अंगावरचा अर्धवट झगा मला जड झाला. नवऱ्याने म्हणे पिठाचा गोळा पारखावा तसे दाबून दाबून ते निवडले, आणि हिने गिऱ्हाइकाला फिरवावे तसे गोल फिरवून त्याची पाठ पाहिली. माझी पाठ तिने कधी एवढ्या प्रेमाने पाहिली होती?

मला दाराआड सरकवून त्यांनी ते माझ्या जागी उभे केले, आणि त्याचा शेंडा छताला टेकून मोडक्या छत्रीसारखा वाकला. मी मनात म्हटले, देव आहे.

ती पुन्हा पुन्हा सांगू लागली, मी टेपने मापले होते, खोलीही आणि झाडही. नवऱ्याने कुठून कुठवर ते विचारले. तिने बोट ठेवून दाखवले, आणि तो पलंगावर बसून हसत सुटला.

"अगं, तू खांद्यापासून माप घेतलंस. याला डोकं आहे, बाईसाहेब."

मोजणाऱ्या हाताला तीच सवय. कपडा खांद्यापासून खाली असतो; डोक्याचे माप कोण घेतो? तिला मात्र हसू आले नाही. दोघांनी मिळून आणलेली ही पहिलीच वस्तू, आणि ती आपल्या हातून बिघडली, म्हणून तिचे डोळे भरून आले. शेंडा छाटायला ती तयार होईना. चांदणी मग लावायची कुठे? शेवटी नवऱ्याने बेकरीतल्या दातेरी सुरीने बुंधा कापला. पण आता बुंधा आखूड पडला. वाळूच्या बादलीत झाड ठरेना. दोनदा कलंडले, हौसेने आधीच टांगलेला काचेचा एक गोळा फुटला.

तिने खोलीभर नजर फिरवली, आणि ती दाराआड आली. माझा झगा उतरवला, खालचा स्क्रू सैल केला आणि मला पायातून उपसून पलंगावर आडवे केले. बुंधा तासून तिने माझ्या पायात बसवला. झाड ताठ उभे राहिले.

कोपरा गेला, शोभा गेली, आता पायही त्याला! पलंगावर पडल्या पडल्या मी पाहत होतो. ती एकेक फीत बांधत होती, तो दिव्यांची माळ गुंडाळत होता, चांदणीसाठी त्याने तिला उचलून धरले. ते झाड सुंदर दिसत होते. तेच तर सहन होत नव्हते.

सकाळी काका आले. तिने दार अडवले.

"काका, पुतळा द्यायचा नाही."

"कालच तर ठरलं होतं," नवरा म्हणाला.

"ज्याच्या पायावर आपलं झाड उभं आहे, त्याला दारातून बाहेर कसं काढू? आणि झाड काय, पाहुणं आहे. हा घरचा."

नवऱ्याने झाडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काकांपुढे चहा ठेवला.

मित्रांनो, नवे जरूर आणा. देवाच्या घरीही येणाऱ्याला जागा असते. पण नव्यासाठी कोपरा रिकामा करताना, तिथे इतके दिवस कोण उभे होते, त्याच्यावरून एकदा हात फिरवा. ज्याच्यामुळे माझी जागा गेली, त्याच्याचमुळे मी या घरात राहिलो, हे देवाचे शिवणकाम मला उलट बाजूनेच दिसले.

आता दर नाताळाला नवे झाड येते, आणि मी पलंगावर आडवा होऊन नेमाने जळतो. पण चांदणी लावताना झाड जरा हलले, की माझ्या कापसाच्या छातीतून आपोआप निघते: देवा, त्याला सांभाळ, पडू देऊ नकोस.