भालदाराचा झगा

फर्कर सुताराने गावच्या बोलिंग क्लबाला हौसेने एक लाकडी ढाल रंगवून दिली होती. तीन गोळे, वर सालमन मासा. वर्षभर ती क्लबाच्या दारावर होती. मग एडिंबराहून, ढालींवरची कुलचिन्हं मंजूर करणाऱ्या न्यायालयातून पत्र आलं: क्लबाच्या दारावरची ढाल आपण दिलीत असं कळतं; आपण स्वतःला कुळप्रमुखांचे खाजगी भालदार म्हणवता, तर नेमणुकीचा कागद आणि झगा घेऊन भेटावं.

बावीस वर्षं दर ऑगस्टला कुळाच्या मैदानी खेळांना तो कुळप्रमुख बाईसाहेबांच्या चिन्हाचा लाल-पिवळा झगा घालून त्यांच्या नावाने पुकारा करत आला होता. झगा काढून घेतला तर पुढच्या शनिवारी मैदानात नुसता म्हातारा उभा राहणार.

"तुरुंगात पॉरिज फुकट मिळतं म्हणे," त्याची बायको एफी म्हणाली. पण सँडविच दोन जास्तीचे बांधले तिने. आगगाडीत त्याच्या घशाखाली एकही उतरला नाही.

न्यायालयातल्या अधिकारी बाई चष्म्यावरून बघत होत्या. "ही ढाल तुम्ही क्लबाला बहाल केलीत?"

"रंगवली फक्त."

"ढालीवर चिन्ह म्हणजे ते इथूनच मिळायला हवं. खाजगी भालदाराला तो अधिकार नाही."

"उतरवतो, बाई. उद्याच."

त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला. "झगा घाला बघू. कसा दिसतो ते पाहू."

फर्करने पिशवी उघडली आणि तशीच बंद केली. "माफ करा. इथे नाही घालता येणार. बाईसाहेबांनी कामावर पाठवलं तरच तो माझा. आज मी माझ्याच कामाला आलोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कायदाही एवढंच म्हणतो. तुम्ही राजाचे अधिकारी नाही, तुमच्या बाईसाहेबांचे माणूस आहात. त्यांच्या नावाने खुशाल पुकारा करा. जा, गाडी चुकेल."

परतीच्या गाडीत त्याने सगळे सँडविच संपवले.

दारातच एफीने विचारलं, "झगा?"

"आहे."

"आणि ढाल?"

"ती उतरवायची. चिन्ह द्यायचं काम त्यांचं. मी नुसतं ओरडायचं."

"ओरडायला कायदा कशाला लागतो तुम्हाला," ती म्हणाली, आणि पिशवीतून झगा काढून इस्त्री तापत ठेवली.