चुलीशी अबोला

माझी बायको मात्र्योना चार वर्षं चुलीशी बोलत नव्हती, आणि मधल्यामध्ये मरण माझं होत होतं. आम्हा सैबेरियातल्या साखा लोकांत पहिला घास आगीला. पण घरामागचं लार्चचं रान वणव्यात जळालं, आणि मात्र्योनानं तो घास बंद केला.

“पन्नास वर्षं माझ्या हातचं लोणी खाल्लं, पण मिठाला जागली नाही,” चुलीकडे पाठ करून ती म्हणायची. “म्हाताऱ्या, सांग तिला, चहा ठेवायचाय.”

मी सांगायचो. चूलही कमी हट्टी नव्हती, सरळ धूर सोडायची.

यंदा उन्हाळा सरताना मात्र्योनानं गाठोडं बांधलं. याकुत्स्क शहरात मुलीकडे नळातून ऊब येते म्हणे, आगीचं तोंड बघावं लागत नाही. ती गेली की परत यायची नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तिच्याशिवाय मला करमत नाही. या वयात लाजायचं कशाला?

मग मी आगीचं वकीलपत्र घेतलं. जळक्या रानातून पुरावे आणू लागलो. गुलाबी फुलं आणली.

“तण आहे.”

भूर्जाची हिरवी फांदी आणली.

“माझे लार्च गेलेत. हे कुणी मागितलं होतं?”

कोवळ्या पाल्यावर आता मूस हरणं येतात, म्हणून मी त्यांच्या लेंड्या टेबलावर मांडल्या. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही.

शेवटी मला खरंच वेड लागलंय का, हे बघायला ती रानात आली. भूर्जांखाली उघड्या काळ्या मातीत ती अचानक वाकली. बोटाएवढे लार्च उगवले होते, शेकड्यांनी. पूर्वी तिथं एवढं जाड शेवाळ होतं की बी रुजतच नसे; ते वणव्यात जळून गेलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही एक रोप पाहिलं नव्हतं.

“यांचं रान व्हायला किती वर्षं?”

“साठ-सत्तर.”

“आणि आपण?”

“आपण नसू.”

 घरी आल्यावर ती म्हणाली, “पोरीला कळव, मी येत नाही.” मग तिनं जाड धिरडी केली. त्यातलं सगळ्यात मोठं लोण्यात बुडवून चुलीत टाकलं आणि चुलीसमोर बसली.

“खा, बाई. रोज देईन, पोटभर खा. पण त्या रोपांकडं जाऊ नकोस. आमच्यामागं त्यांना कुणी नाही.”