उजवी कड

बोटीच्या मालकाने सकाळीच सांगून टाकलं, शनिवारच्या मोटरबोटींच्या शर्यतीत धाकटा नको. भरधाव वेगात बोट उजवीकडे ओढते, म्हणजे त्याचाच हात कच्चा. झालं, निकाल लागला. सहा वर्षं बोट हाकणाऱ्या पोराला एका वाक्यात घरी बसवायचं आणि वर चहा मागायचा.

थोरली बहीण ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. कारखान्यात सुटे भाग मोजायची तिची नोकरी. तिथला इस्त्रीएवढा लेझर स्कॅनर घेऊन ती थेट शेडमध्ये आली. बोट पालथी घातलेली होती.

"कोणाला विचारून?" मालक म्हणाला.

"कोणालाच नाही," म्हणत ती तळावर खुणेचे ठिपके चिकटवायला लागली.

बोटीचे मिस्त्री म्हणजे तिचे वडीलच. ते कोपऱ्यातून गुरगुरले, "माझा तळहात फिरलाय या बोटीवर. केसाएवढा फरक असता तरी कळला असता."

"मग मोजू द्या की."

रंग चकाकत होता म्हणून तिने पांढरी पूड फवारली आणि लाल रेघा इंच-इंच फिरवल्या. दोन तासांत कंबरेचा काटा ढिला झाला.

पडद्यावर मूळ आराखड्याशी जुळणारा सगळा तळ हिरवा उमटला, फक्त मागची उजवी कड निळी. डावी कड धारदार, उजवी मात्र दीड मिलिमीटर झिजून गोल. पाणी तिथून सुटायचं सोडून चिकटत होतं आणि बोटीला ओढत होतं.

कारण तिला लगेच कळलं. दर शर्यतीआधी मिस्त्री कोऱ्या पॉलिशपेपरने तळ घासायचे, आणि सुरुवात कायम उजवीकडून. डावीकडे पोचेपर्यंत पेपर गुळगुळीत झालेला असायचा. गप्प राहिली तर बाप वाचत होता, बोलली तर भाऊ.

"बाबा, ही कड तुम्हीच घासून घालवलीत," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

मालकाने लगेच टोपी फिरवली. "मग मिस्त्रीलाच नारळ देतो."

"द्या. शनिवारच्या आत कड भरणारा दुसरा शोधा. मी इथेच बसलेय."

मिस्त्री उठले, कड दोनदा चाचपली. डोळे भरून आले.

"रोज थोडं थोडं गेलं गं. हाताला सवयच झाली." मग ते मालकाकडे वळले. "कड मी भरतो. मोजून घेईल ही. आणि शनिवारी बोटीत माझा पोरगाच बसेल. पटत नसेल तर आत्ताच सांगा, मी अवजारं आवरतो."

पटलं. पण त्या दिवशी मालकाला चहा कोणी विचारला नाही.