टेकडीवरच्या एकसष्ट सह्या

हे सगळं २००३ सालचं. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी आमच्याकडचे म्हातारे अजून दोन्ही जिल्ह्यांना मिळून भंडाराच म्हणत. आमच्या शहराचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यातल्या माणसाला ते ओळखू येईल, बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही.

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि डॉक्टर जागेश्वर निंबार्ते यांच्या दातांच्या दवाखान्यात सतरा वर्षं काम करत होते. अवजारं उकळायची, रुग्णाच्या गळ्याला कपडा बांधायचा, कार्डं लिहायची. दवाखाना बसस्टँडच्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होता. डॉक्टर मूळचे एकोडीचे, धानाची शेती असलेल्या घरातले. दात काढताना ते रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गोष्टी काढत. समोरचा उत्तर द्यायला तोंड हलवू पाही, तोवर दात चिमट्यात आलेला असे.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक कार्डावर नाव, वय, वॉर्ड आणि त्याखाली ‘पाणी कोणतं’ हे लिहायचंच. नळ, विहीर की बोअर. दात जमिनीतून येतात, असं ते म्हणत. गावातले लोक याची थट्टा करत. पुढे २००१च्या निवडणुकीत ते नगरसेवक झाले आणि पाणीपुरवठ्याचे सभापतीही झाले, तेव्हा थट्टा आणखी वाढली. आता डॉक्टर नळालाही दात बसवतील, असं पानठेल्यावर बोललं जाई.

मी राहायची टेकडी वॉर्डात. एकसष्ट घरं, बहुतेक सगळी आम्हा बौद्धांची. वर विहार, विहारासमोर बोअर. टेकडीच्या पायथ्याशी दोन सार्वजनिक नळ होते, पण ते नावापुरते. बसवल्यापासून त्यांना पाण्याचा थेंब आला नव्हता. आम्ही सगळे बोअरचंच पाणी पीत होतो.

टेकडीवरच्या मुलांचे दात पिवळट आणि तपकिरी येत. माझी नात तृप्ती नऊ वर्षांची होती, तिच्या पुढच्या चारही दातांवर गंज चढल्यासारखे पट्टे होते. डॉक्टर तिला रागवत. घासत नाहीस, गुडाखूची तंबाखू लावतेस का, असं विचारत. पोर घरी येऊन मिठाने दात घाशी, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. तिच्यासारखी मुलं वाढत गेली, तसा डॉक्टरांना पाण्याचा संशय आला. त्यांनी शहराच्या नळाच्या पाण्याची बाटली दोनदा भंडाऱ्याला तपासायला पाठवली. दोन्ही वेळा पाणी चांगलं निघालं. मग ते पुन्हा आमच्या वॉर्डातल्या आयांना रागवू लागले.

बोअरची बाटली त्यांनी पाठवली नाही, कारण टेकडीवरच्या प्रत्येक कार्डावर ‘नळ’ लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं होतं.

का लिहिलं, ते सांगते. पहिल्यांदा आमच्या वॉर्डातली एक बाई आली, तिला मी विचारलं, पाणी कोणतं पिता? ती खाली पाहू लागली. बाकड्यावर बाजारपेठेतल्या चार बायका बसल्या होत्या. ती हळूच म्हणाली, नळाचं. मला ठाऊक होतं की तिच्या घरी नळ नाही. पण तिचा चेहरा पाहिला आणि नळ लिहिलं. त्यानंतर टेकडीचं कोणी आलं की मी विचारायचंच बंद केलं. आपल्या माणसांची लाज राखली असं मला वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, ते रक्त शुद्ध करून घ्यायला नागपूरला जात. दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायला त्यांना मनाई होती. सभापतिपद सोडा, असं अंजूवैनींनी, त्यांच्या पत्नीने, हात जोडून सांगितलं. नवी पाइपलाइन होईपर्यंत नाही, एवढंच ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये त्या पाइपलाइनची यादी तयार झाली. डॉक्टर ती मला अभिमानाने दाखवत होते. कोणत्या वॉर्डात नळ नाही, हे त्यांनी आमच्या कार्डांवरूनही ताडून पाहिलं होतं. यादीत सात वॉर्ड होते. टेकडी नव्हता. टेकडीवर नळ आहेच, असा शेरा होता आणि खाली त्यांची सही.

दुपारी रुग्ण संपल्यावर मी टेकडीच्या कार्डांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला.

“साहेब, हे कार्ड खोटे आहेत. टेकडीवर नळाचं पानी कोनीच पेत नाई. मीच लिवलं.”

“काहून?”

“आमच्या लोकायले कोनी इचारलं ना, का तुमी कोनतं पानी पेता, तं आमाले तो सवाल दवाखान्यातला नाई वाटत जी. आमच्या बुढ्याबाढ्यायले हाच सवाल इचारून इहिरीवरून हाकलत होते.”

ते बराच वेळ कार्डं उलटत राहिले. मला वाटलं, आता कामावरून काढतील. ते म्हणाले, “सतरा वर्षं सोबत आहा, शकुनबाई. एक दिवस तरी सांगाचं होतं.” मग तृप्तीचं कार्ड बाजूला काढलं. “या पोरीले मी उगाच रागावलो.” आणि लगेच विचारलं, घरं किती?

बोअरची बाटली दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला गेली. अहवाल आला, पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट होतं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. यादीवर सभापतीचीच सही होती आणि टेकडीला मिळायचे ते पाइप आपल्याकडे वळवायला बाकीचे वॉर्ड टपले होते. नगर परिषदेतून सांगितलं गेलं की प्रत्येक कुटुंबाने आपल्याकडे नळाचं पाणी येत नाही असं लिहून दिलं, तरच सर्वसाधारण सभेत विषय घेता येईल. सभेला नऊ दिवस होते.

डॉक्टर माझ्यासोबत टेकडी चढले. पाय सुजलेले, चपलेचे पट्टे सोडलेले. दर वीस पावलांवर थांबत. पहिल्या चार घरांनी लिहून दिलं नाही. नळ आहे म्हणाले आणि दार ओढून घेतलं. मी डोळ्यांनी विनवत होते, तरी नाही.

पाचवं घर धुरपताचं. टेकडीवर तिच्या शब्दाला मान होता. बोअरवर कोणाची घागर आधी, ते तीच ठरवायची. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“या सभापती,” ती म्हणाली. “मतं मांगाले आल्ते, आता दात मोजाले आले का?”

डॉक्टरांनी जयभीम घातला आणि आल्याचं कारण सांगितलं. आम्ही तुम्हाला मतं दिली नाहीत, म्हणून बोअर बंद करता का, असं तिने विचारलं. नळ आल्याशिवाय बोअरला हात लावणार नाही, असं ते म्हणाले. ती ऐकून घेत होती, पण तिला ते पटलेलं दिसत नव्हतं. उठून आत गेली आणि पितळी गिलास काठोकाठ भरून घेऊन आली.

“पेता का?”

मी मध्ये पडले. धुरपता, साहेबाले पानी चालत नाई, बिमार आहेत, असं सांगू लागले. डॉक्टरांनी हाताने मला थांबवलं, गिलास घेतला आणि उभ्याउभ्या सगळा संपवला. मग ओट्यावर बसले.

“गोड आहे,” ते म्हणाले. “गोड आहे म्हनूनच कोनाले समजलं नाई. एका गिलासानं काई होत नाई, मोठ्यायच्या दातायलेही होत नाई. लहान पोरं रोज पेतात, त्यायचे दात आतूनच खराब येतात. आता तुमी सांगा, हे पानी कुठलं?”

धुरपता रिकाम्या गिलासाकडे पाहत होती.

“बोअरचं,” ती म्हणाली. “नळाचं पानी या टेकडीनं पायलंच नाई. कुठं अंगठा लावू?”

त्या दिवसापासून ती आमच्या पुढे चालू लागली. नळ आहे म्हणणाऱ्याला ती म्हणायची, दाखव बरं तोटी, मले हात धुवाचे आहेत. आठव्या दिवशी एकसष्टावी सही झाली.

सभा गुरुवारी होती, नेमकी डॉक्टरांच्या नागपूरच्या दिवशी. अंजूवैनी दवाखान्यात आल्या आणि मला म्हणाल्या की निदान तुम्ही तरी त्यांना थांबवा. मी थांबवलं नाही. आजवर मला त्याचा जाब कोणी विचारलेला नाही, मी स्वतःला विचारते.

मी सभागृहाच्या दाराशी कागदांची पिशवी घेऊन उभी होते. टेकडीचा विषय निघाला तसा एका सदस्याने विचारलं की महिन्यापूर्वी सभापतींनीच तिथे नळ असल्याचं सहीनिशी कळवलं होतं, त्याचं काय?

डॉक्टर टेबलाला धरून उभे राहिले.

“ती यादी चूक होती. सही माझी आहे, चूकही माझी आहे. पाहिजे तर सभापतिपद आज घ्या, पण टेकडीचा पाइप लिहून घ्या.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पिशवी आत नेऊन दिली. एकसष्ट कागद हातोहात फिरले. ठराव मंजूर झाला तेव्हा चार वाजले होते. डॉक्टरांना धाप लागली होती. तिथूनच गाडीत घालून त्यांना नागपूरला नेलं.

त्यातून ते उठले, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. दवाखान्यात येत आणि रुग्णाच्या खुर्चीवर स्वतःच बसून राहत. १२ फेब्रुवारी २००४ला गेले, चौपन्नाव्या वर्षी. वैनगंगेवर नेताना टेकडीवरच्या बायकाही घाटापर्यंत चालत गेल्या. डॉक्टरांच्या समाजात बायकांनी जायची रीत नाही, पण आम्हाला कोणी अडवलं नाही.

टेकडीवर नळ आला २००५च्या मे महिन्यात. त्याच आठवड्यात बोअरचा दांडा काढला. धुरपता नळावरही घागरींचे नंबर लावत राहिली आणि २०१४ला वारली. बोअरच्या पाण्याने धरलेले तिचे गुडघे शेवटी वाकत नव्हते. अंजूवैनींनी दवाखाना विकला. त्या नागपूरला मुलीकडे असतात, दिवाळीला मला फोन करतात. सभेत प्रश्न विचारणारे सदस्य पुढे दोनदा निवडून आले. तृप्ती नर्सिंग शिकली, आता गोंदियाला सरकारी दवाखान्यात आहे. तिच्या दोन्ही मुलांचे दात पांढरे आहेत. कार्डांचे खोके दवाखान्यासोबत गेले, कुठे ते कळलं नाही.

मी शहापूरला मुलाकडे, अंकुशकडे राहते. कार्डं कोणी खोटी लिहिली होती, हे टेकडीवर मी सगळ्यांना सांगून आले. दोन घरं त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीत.