त्या दिवशीचं चित्र

तेर्सिल्लाने स्टुलावर चढून चित्र उतरवलं आणि खिळाही उपटून एप्रनच्या खिशात टाकला. भिंतीवर पांढरा चौकोन उरला.

लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या त्या डोंगरावर मरियामाउलीचं देऊळ होतं. आतल्या भिंती खलाशांच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. खवळलेल्या लाटा, कलंडलेली शिडं आणि वर ढगात माउली. एकेक चित्र म्हणजे फेडलेला नवस. ती बघायला आणि खालचा निळा समुद्र न्याहाळायला लांबलांबून माणसं यायची. किल्ली तेर्सिल्लाकडे असे. “जो बुडाला त्याचं चित्र इथं नाही,” असं ती सगळ्यांना तोऱ्यात सांगायची.

हातातलं चित्र तिच्या मुलाचं, एर्मेतेचं होतं. काही वर्षांपूर्वी तो वादळातून जिवंत परतला, तेव्हा तिने ते इथं लावलं होतं. या हिवाळ्यात मात्र साध्या शांत समुद्रात जाळी काढायला गेला, आणि नुसती बोट सापडली.

“हे काय चाललंय?” दारातून फादर चेलेस्तीनोंनी विचारलं.

“घरी नेते. चुलीत घालते.”

“फेडलेला नवस कुणी परत घेतं का, तेर्सिल्ला?”

“दिलेला पोरगा परत घेतात की! मग मीच का नको?”

एर्मेतेचा बाप्तिस्मा फादरांनीच केला होता, आणि रिकामी शवपेटीही त्यांनीच पुरली होती. ते बाकावर बसून राहिले.

तेवढ्यात चढणीने धापा टाकत मिलानची एक मुलगी आत आली. भिंती बघत बघत ती तेर्सिल्लापाशी थांबली.

“आजी, बघू ना ते. अय्या, ही टेकडीवरची बाई तर बोटीपेक्षा मोठी आहे!”

“ती मी. चिताऱ्याला म्हटलं, चांगली जाडजूड काढ. पोराला लांबून दिसायला हवी.”

मुलगी हसली. बोटीतल्या लाल स्वेटरवाल्या पोरावर तिने बोट ठेवलं.

“आणि हा? हा वाचला?”

फादरांनी मान वर केली. तेर्सिल्लाने खोटं बोलावं तर माउली समोर, आणि खरं बोलावं तर जीभ उचलेना. तिने चित्राकडे पाहिलं.

“त्या दिवशी वाचला,” ती म्हणाली.

“मग?”

“मग घरी आला. ओल्या कपड्यांनीच चुलीपाशी बसला, दोन वाडगे सूप प्यायला. अख्खा समुद्र गिळून आला होता गाढव, आणि म्हणतो कसा, आई, मीठ कमी आहे!”

ती हसली आणि हसता हसता रडली. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही. तेर्सिल्लाने चित्र मुलीच्या हातात दिलं, स्टुलावर चढली आणि खिशातला खिळा काढून जुन्याच भोकाला लावला.

“फादर, नुसते बसलात काय? हातोडी आणा.”