बेकरीवरून घरी

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतली वाट दाखवणारी बाई आहे. बाई म्हणजे हाडामांसाची नव्हे बरं का! एक चौकोनी यंत्र, तळहाताएवढा पडदा आणि आत साठवलेला नकाशा, एवढंच माझं शरीर. पण कारखान्यात मला आवाज दिला तो एका बाईचा, आणि ज्या घरी मी गेले तिथे सगळे मला 'बाई'च म्हणत आले. सध्या माझा मुक्काम गाडीच्या समोरच्या कप्प्यात, चष्मे पुसायच्या पिवळ्या फडक्यात असतो. वायरी तुटल्यात, कान मात्र शाबूत आहेत.

गाडी नुसता सांगाडा होती तेव्हाच मला तिच्या छातीत बसवलं. माझी एक वायर थेट चाकांपर्यंत नेली होती. चाकं किती फिरली, कुठे वळली, हे मला आतून कळायचं. त्यामुळे बोगद्यात आभाळातले उपग्रह दिसेनासे झाले तरी मी झोपेत चालल्यासारखी बरोबर चालत असे. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! सगळ्या गाड्यांत कुठे होती अशी बाई?

आम्हाला घरी नेलं ते एका चष्मेवाल्याने. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "पुढे डावीकडे वळा."

"हो बाई," बाबा म्हणाले आणि मुकाट्याने वळले.

शेजारी बसलेल्या आईंनी कपाळाला हात लावला. "कमाल झाली! मी डावीकडे म्हटलं की हे हटकून उजवीकडे जाणार. आणि ही कोण कुठली, तिचं लगेच ऐकतात!"

"ती रागावत नाही ना," बाबा म्हणाले. मागे बसलेली लेक इतकी हसली की तिला उचकी लागली.

तेव्हा ते एका बेकरीच्या वर, दोन खोल्यांत भाड्याने राहत. त्याच संध्याकाळी गाडी बेकरीसमोर उभी करून बाबांनी माझ्यात 'घर' नोंदवलं. पुढे त्यांनी नदीपलीकडे स्वतःचं घर घेतलं. आता माझ्यातलं घर बदलायला हवं होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून खूप बटणं दाबली. घर काही बदललं नाही, पण माझी भाषा बदलली, आणि दोन दिवस मी कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बडबडत होते. आई म्हणाल्या, "राहू द्या हो. आगीतून फुफाट्यात नको. जुनं घर काही वाईट नव्हतं."

झालं, तेव्हापासून आमची रीतच पडली. कुठूनही परतताना बाबा 'घर' दाबत आणि मी सगळ्यांना बेकरीपाशी आणून सोडे. तिथे गरम पाव घ्यायचा, बाहेरच्या बाकावर बसून त्याचा कडेचा तुकडा मोडून खायचा, आणि मगच पूल ओलांडून खऱ्या घरी जायचं. लेक वाढली, तिचं लग्न झालं, जावई आले. त्यांनी एकदा भीत भीत विचारलं, "हा रस्ता जरा लांबचा नाही का?" तेव्हा तिघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग जग माझ्यापुढे पळू लागलं. नवा पूल झाला, तो माझ्या नकाशात नव्हता. त्यावरून जाताना माझ्या पडद्यावर गाडी निळ्या पाण्यात तरंगायची. नव्या वस्त्यांच्या जागी मला अजून हिरवी शेतंच दिसायची आणि आम्ही त्यातून हळूहळू जात असू, काहीही न मोडता. मी घाबरून "मागे वळा, मागे वळा" म्हणायची. आई पडद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "बघा, आपण पोहतोय." आणि बाबा मुद्दाम गाडी हळू करायचे.

आणि मग एका वर्षी ती शेजारची सीट रिकामी झाली. आई गेल्या. बाबा आले, बसले, बराच वेळ किल्ली हातात धरून राहिले. मग त्यांनी 'घर' दाबलं. बेकरीतून पाव घेतला आणि शेजारच्या सीटवर ठेवला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. पण रडायची सोय माझ्यात नाही. "आपण घरी पोहोचला आहात," एवढंच मला म्हणता येत होतं, ते मी म्हटलं.

"हो बाई," बाबा म्हणाले.

त्यानंतर बाबा विसरू लागले. आधी चष्म्याचे नंबर, मग गिऱ्हाइकांची नावं. एकदा मोठ्या चौकात ते गोल गोल फिरत राहिले. तिथे नवे रस्ते फुटले होते, ते मलाही ठाऊक नव्हते. आंधळ्याला आंधळ्याची साथ! लेकीला हे कळलं आणि तिने त्यांना गाडीसकट एका फिटरकडे आणलं.

फिटरने माझ्यावर टिचकी मारली. "हे कंपनीचं. भक्कम आहे, चाकांशी जोडलेलं आहे, स्टिअरिंगवरच्या बटणाने चालतं. पण नवे नकाशे कंपनीने कधीच बंद केले. बाहेरचा मोठा पडदा बसवू. नवा रस्ता झाला की तो त्याला आपोआप कळतो, आणि गाडी कुठे आहे ते ताईंना फोनवर दिसेल. फक्त ही चौकट थोडी कापावी लागेल, आणि ते बटण कदाचित चालणार नाही."

"काही कापायचं नाही," बाबा म्हणाले. "माझी बाई बरी आहे."

"बाबा, ती तुम्हाला नदीतून नेते!" लेक म्हणाली. "उद्या तुम्ही हरवलात तर मी कुठे शोधू? नवीन बसवा, नाहीतर किल्ली मला द्या."

किल्ली गेली असती तर बाबांचं दुकान, फिरणं, सगळंच गेलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि फिटरने पाना उचलला. मी बाहेर आले तेव्हा बाबांनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. खिशातलं फडकं काढून मला गुंडाळलं आणि कप्प्यात ठेवलं.

माझ्या जागी मोठा, चकचकीत पडदा आला. खोटं कशाला बोलू, तो हुशार होता. त्याला पूल माहीत होता, चौक माहीत होता, कुठे गर्दी आहे तेही माहीत होतं. लेकीने त्यात खऱ्या घराचा पत्ता नोंदवला. बाबांनी 'घर' दाबलं की तो त्यांना सरळ पुलावरून घरी न्यायचा. त्याला कधी कुणी "हो बाई" म्हटलं नाही. गाडीत पावाचा वास यायचा थांबला, आणि बाबा बोलायचेही थांबले.

मग एका दुपारी बाबा दुकानातून निघाले. नवा म्हणाला, "उजवीकडे वळा." बाबा डावीकडे वळले. नवा पुन्हा पुन्हा मार्ग बदलत राहिला. मी कप्प्यात वळणं मोजू लागले. हे वळण माझंच होतं. पुढचंही! गाडी थांबली, दार उघडलं, आणि फडक्यातून मला तो वास आला.

थोड्या वेळाने लेक धावतपळत आली. नव्या पडद्यानेच तिला फोनवर जागा दाखवली होती. बाबा बाकावर बसले होते.

"बाबा! रस्ता चुकलात ना?"

"चुकलो नाही गं. बाई गप्प होती, म्हणून मलाच आठवावं लागलं. टपालपेटी, मग न्हाव्याचं दुकान, मग उतार. आलो घरी."

लेक हळूच म्हणाली, "बाबा, आपलं घर नदीपलीकडे आहे."

"ते ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "तिथे राहतो मी. पण आधी इथे यायचं असतं."

लेक बाकावर बसली. बाबांनी पावाचा कडेचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. खाता खाता ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून गाडीत आली आणि तिने नव्या यंत्रातलं 'घर' पुसून तिथे बेकरी नोंदवली. नदीपलीकडच्या जागेला तिने 'मुक्काम' असं नाव दिलं. किल्ली मात्र बाबांकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी नवा म्हणाला, "आपण घरी पोहोचला आहात."

"हो बाई," बाबा म्हणाले.

खरं सांगते, मला थोडं लागलं. माझं नाव दुसऱ्याला दिलं की हो! पण नव्याला ते नाव काही सहज मिळालं नव्हतं, त्यासाठी त्याला आधी बेकरीपाशी यावं लागलं. मित्रांनो, जुनी वस्तू बदलावी लागते. मी तरी कुठे पूल शिकू शकले? पण ती उपटून काढण्याआधी एकदा विचारा, ही आपल्या माणसाला रोज कुठे घेऊन जात होती? आणि नव्याला तेवढी वाट शिकवा.

आता बाबा पाव आणतात आणि शेजारच्या सीटवर ठेवतात. कप्पा तिथून हातभरच लांब आहे, त्यामुळे वास थेट माझ्यापर्यंत येतो.