कॉलरवरचं पीस

रेनिल्डेने सवयीने धाकट्या भावाच्या कोटाच्या कॉलरकडे हात नेला आणि तो हवेतच राहिला. कॉलरवर पीस नव्हतं. फिरमिन तिला या दवाखान्यात गाडीतून आणायचा, आणि दर खेपेला या बाकावर टेकलं की ती त्याच्या कॉलरवरचं कबुतराचं पीस चिमटीत धरून काढायची. आज कोट झटकून लख्ख केलेला, ईस्टरच्या मिस्साला निघाल्यासारखा.

"काय गं ताई?"

"काही नाही. नटलास आज."

"आज तुझी तारीख ठरणार. म्हटलं, जरा माणसात दिसावं."

तारीख होती रेनिल्डेच्या जाण्याची. विशीत मनाला जो काळोख लागला, त्यावर गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले, नवसही झाले. शेवटी तिने, कायद्यात बसतं म्हणून, डॉक्टरांच्या हातून शांत मरण मागितलं. इथल्या डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा पुन्हा बोलतं केलं, मागणी उलटीसुलटी करून पाहिली, आणि अखेर होकार दिला.

फिरमिनने आजूबाजूला पाहिलं. बाकांवर बायका बसल्या होत्या. पुरुष भिंतीला टेकून गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत होते.

"बघ, आजही सगळ्या बायकाच. तुम्हाला मरायलासुद्धा चार जणांशी बोलल्यावाचून जमत नाही."

"तुम्हाला जमतं," ती म्हणाली. "बाबांनी कुणाला विचारलं होतं?"

फिरमिनने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"वर गेलीस की खिरीवर एकदम ताव मारू नकोस," तो म्हणाला. "माझ्यासाठी ठेव थोडी."

खीर म्हणताच रेनिल्डेच्या नाकाशी केशराचा वास आला. स्वर्गात तांदळाची केशरी खीर आणि ती खायला सोन्याचे चमचे, हे गावातल्या कुठल्याही पोराला धर्मशिक्षणाच्या धड्यांआधी पाठ असायचं. पण ते ऐकावं तर फादर आमांड यांच्या तोंडून. म्हातारा प्रवचन करता करता कधी गाऊ लागे ते कळतही नसे. बोलण्याला हळूच सूर लागायचा, आणि गुडघाभर चिखलातून आलेली फ्लेमिश शेतकरी माणसं टोपीत तोंड लपवून डोळे पुसायची. मग संतांची नामावळी. फादर एकेक नाव आळवत आणि सारं गाव एका आवाजात म्हणे, "आमच्यासाठी विनव." सगळ्यांचं म्हणून झालं की मागून एकटा, बारीक, फिरमिनचा आवाज यायचा. पोरं खिदळायची. फादर मात्र पुढचं नाव घ्यायचं थांबत. म्हणत, "दम धरा रे. आपला एक जण अजून यायचाय."

मिस्सा सुटला की दोघं भावंडं घराकडे पळत. मागच्या अंगणात बाबा ढाबळीखाली उभे असत. हातात वाटाण्यांचा डबा, डोळे आभाळात. शर्यतीसाठी फ्रान्सात सोडलेली कबुतरं घरी परतायची. आई खिडकीतून ओरडे, "ओडिल, सूप गार होतंय! ती पाखरं काही माझं सूप प्यायला येत नाहीत!" बाबा डबा खुळखुळवत राहत. पहिला ठिपका दिसला की तो मोठा माणूस लहान मुलासारखा हसे. त्यांचं तेवढं एकच हसू रेनिल्डेच्या लक्षात होतं.

"कबुतरं कशी आहेत?" तिने विचारलं.

"शेजारच्या व्हालेरला दिली."

"सगळी?"

"हो. म्हटलं, तुझ्यामागे धावपळ होणार. आपण मोकळं असावं."

"ती राखाडी मादी?"

"तीसुद्धा."

रेनिल्डे त्याच्याकडे पाहत राहिली. गुळगुळीत दाढी, कापलेली नखं.

"आणि फाटक? करकरतंय अजून?"

"नवी बिजागरी बसवली परवा. तुला फाटकाचं काय आज?"

एका शनिवारी बाबांनीही आपली कबुतरं व्हालेरच्या बापाला दिली होती. दाढी केली होती, फाटकाला तेल घातलं होतं. आई शेजारणींना कौतुकाने सांगत होती, "आमच्या माणसाला उशिरा का होईना, वळण लागलं." सोमवारी बाबा नव्हते. आपल्या हाताने गेले, एक अवाक्षर न बोलता.

दार उघडलं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "रेनिल्डे, येताय ना?"

रेनिल्डे उठली. तिने भावाची बाही मुठीत धरली होती.

"बाई, माझ्या वेळेत आज याला घ्या."

"ताई! वेड लागलं का तुला?"

"ते केव्हाच लागलंय. सही-शिक्क्यासकट."

भिंतीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. फिरमिन हसला नाही.

"मला काही झालेलं नाही, बाई. मी नुसता गाडी चालवतो."

"याने कबुतरं देऊन टाकली," रेनिल्डे म्हणाली.

डॉक्टरबाई त्याच कबुतरवाल्या मुलखातल्या. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी फिरमिनच्या स्वच्छ कॉलरकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि दार आणखी थोडं उघडलं.

"कॉफी आत्ताच केलीय. या, बसा माझ्यापाशी."

"आणि हिची तारीख?" फिरमिनचा आवाज चिरकला.

"तारीख कुठे पळून जाते?" रेनिल्डे म्हणाली. "टोपी दे इकडे. जा."

दार लागलं. ती त्याच्या जागी बसली. मांडीवर टोपी, टोपीत गाडीच्या किल्ल्या. या बाकावर मागे राहून वाट पाहण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

आतून डॉक्टरबाईंचा हलका आवाज आला. एकच प्रश्न. शब्द कळले नाहीत, पण तो पहिला प्रश्न रेनिल्डेला तोंडपाठ होता. मग काहीच नाही. रेनिल्डेच्या बोटांनी टोपीची कड घट्ट धरली.

शेजारची बाई तिच्याकडे झुकली. "झालं तुमचं?"

रेनिल्डेने ओठांवर बोट ठेवलं.

"दम धरा," ती पुटपुटली. "आमचा एक जण अजून यायचाय."

मग पुष्कळ वेळाने, दाराआडून, बारीक, एकटा, फिरमिनचा आवाज आला.